मोजणाराचा धर्म

कोणत्याहि कार्याची योग्यता त्याच्या फलावरून ठरवावी, हें वचन आपण इतक्या वेळां उच्चारतों कीं, त्यांत विचार करण्यासारखें कांहीं उरलें आहे असें आपणांस वाटतच नाहीं. फल डोळ्यांपुढें आलें म्हणजे दिसेल, दिसलें म्हणजे मोजतां येईल, आणि मोजलें म्हणजे पुढचें कार्य आपोआप सुधारेल, अशी आपली सरळ समजूत असते. घरच्या जमाखर्चापुरती ती बहुधा खरीहि ठरते. कारण तेथें मिळविणारा, खर्च करणारा आणि हिशेब लिहिणारा हीं एकाच घरचीं माणसें असतात. परंतु जेथें पैसा देणारा एक, काम करणारा दुसरा, फल भोगणारा तिसरा आणि तें मोजणारा चौथा असतो, तेथें ही सरळ वाट एकाएकीं बिकट होते. शेतीसुधारणेच्या योजना म्हणजे अशाच चौघांचा कारभार होय. कालवा खणला, बियाणें वांटलें, बांध घातले, शेतकऱ्यांना नवें ज्ञान दिलें. मग त्यायोगें शेतीचें उत्पन्न वाढलें कीं नाहीं, हें कोणीं, कसें आणि कोणाकरितां मोजावें? हा प्रश्न वरवर पाहातां गणिताचा दिसतो. आमच्या मतें तो मुख्यतः नीतीचा आहे, आणि त्याच दृष्टीनें त्याचा येथें विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न शेतकऱ्यांचा व सरकारी खात्यांचा. सुशिक्षित गृहस्थांच्या कुटुंबांना त्याचें काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु मोजणारा हा चौथा मनुष्य येतो कोठून? तो बहुधा आपल्याच घरांतून जातो. पाहणीचे तक्ते भरणारा विद्यार्थी, अहवाल लिहिणारी अर्थशास्त्राची पदवीधर कन्या, तालुक्याच्या कचेरींतील कारकून, हिशेबतपासनीस, बँकेंतील अधिकारी, हीं सर्व आपलींच माणसें आहेत. शेतकऱ्याच्या शेतांत आपण नांगर धरीत नसूं. पण त्याच्या शेतांत काय पिकलें हें जगाला सांगणारी लेखणी पुष्कळदां आपल्याच हातीं असते. तेव्हां त्या लेखणीचा धर्म कोणता, हें आपण नाहीं विचारावयाचें तर कोणीं विचारावयाचें?

प्रथम दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. काम चालू असतां तें ठरल्याप्रमाणें चाललें आहे कीं नाहीं, हें वेळोवेळीं पाहणें ही देखरेख. आणि कांहीं काळ लोटल्यावर त्या कामानें इच्छित फल दिलें कीं नाहीं, दिलें तर कोणाला व किती, याचा निर्णय करणें हें मूल्यमापन. शाळेंतील रोजची हजेरी व वह्यांची तपासणी यांचा वार्षिक परीक्षेशीं जो संबंध, तोच या दोहोंचा परस्परांशीं. हजेरी पूर्ण भरली म्हणून मुलगा शिकला असें होत नाहीं. आणि नुसती वर्षअखेर परीक्षा घेतली तर तो कोठें अडला हें वेळेवर कळत नाहीं. दोहोंचा हेतु एकच असावयास पाहिजे, आणि तो म्हणजे मुलाचें शिक्षण. हा हेतु सुटला कीं, हजेरी व परीक्षा हीं दोन्ही शाळेची अब्रू राखण्याचीं साधनें होऊन बसतात. शेतीच्या बाबतींत हेंच कसें घडतें, तें कांहीं उदाहरणांवरून पाहूं.

पिकाचा अंदाज नजरेनें बांधण्याची आपल्याकडील जुनी पद्धति म्हणजे आणेवारी. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक असें धरून, यंदा बारा आणे आलें कीं सहा आणे, हें गांवकामगार आणि त्यांच्यावरील महसुली अंमलदार पाहून ठरवीत. अनुभवी माणसाची नजर ही क्षुद्र वस्तु नव्हे. शेतावरून एक फेरी मारून खळ्यावर किती पोतीं येतील हें सांगणारे शेतकरी आजहि आहेत. परंतु त्या नजरेच्या निर्णयावर पैसा अवलंबून राहिला म्हणजे काय होतें, हें १९१८ च्या खेडा सत्याग्रहानें दाखविलें. गुजरातच्या त्या जिल्ह्यांत १९१७ सालीं अतिवृष्टीनें पिकांची नासाडी झाली होती. पीक चार आण्यांच्या आंत आलें तर सारावसुली तहकूब व्हावी, असा नियम होता. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांच्या आंत आहे. अधिकारी म्हणत, तें वर आहे. गांधीजींनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गांवोगांव हिंडून चौकशी केली, निःपक्षपाती चौकशीची मागणी केली, आणि ती मान्य होईना तेव्हां सत्याग्रह आरंभिला. एकच शेत, एकच पीक, आणि आंकडे दोन! यांत प्रत्येक अधिकारी किंवा प्रत्येक शेतकरी जाणूनबुजून खोटें बोलत होता असें मानण्याचें कारण नाहीं. ज्याच्या घरांत दाणा नाहीं त्याच्या नजरेला पीक थोडें दिसतें. ज्याला तिजोरी भरावयाची असते त्याच्या नजरेला तेंच अधिक दिसतें. आंकड्याला कोणाचें पोट किंवा कोणाची बढती टांगली कीं, नजर पूर्वीची राहत नाहीं.

नजरेच्या जागीं मापाला बसविण्याचें काम १९४० नंतरच्या दशकांत ज्यांनीं नेटानें केलें, त्यांत सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. व्ही. जी. पानसे हे अग्रभागीं होते. पीक-कापणीच्या प्रयोगाची त्यांची रीत थोडक्यांत अशी: गांव चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडावयाचें, गांवांतील शेतहि तसेंच निवडावयाचें, आणि शेतांतील तुकडा कोठें आंखावयाचा हेंहि मोजणाराच्या मर्जीवर न सोडतां, यदृच्छेनें आलेल्या आंकड्यांइतकीं पावलें चालून ठरवावयाचें. मग खुंट्या रोवून दोरी ताणावयाची, आंतील पीक कापून, मळून त्याचें वजन करावयाचें. निवड यदृच्छेवर सोपविली म्हणजे चांगलें शेत दाखविण्याचा किंवा वाईट शेत लपविण्याचा मोह मुळांतच खुंटतो.

परंतु एक मोह तरीहि उरला, आणि तो फार सूक्ष्म होता. दोरी ताणली कीं कांहीं रोपें बरोबर तिच्या खालीं येतात. तीं आंत धरावयाचीं कीं बाहेर? मोजणाराचा हात नकळत तीं आंत ओढतो. तुकडा लहान असेल तर ही चूक मोठी होते. एक मीटर लांब व एक मीटर रुंद तुकडा घेतला तर एका चौरस मीटरला चार मीटर काठ असतो; दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद तुकडा घेतला तर पन्नास चौरस मीटरांना तीस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरमागें जेमतेम साठ सेंटिमीटर काठ येतो. लहान तुकड्यांवरून काढलेलें उत्पन्न यामुळें वास्तवाहून अधिक येतें, हें सुखात्म्यांनीं दाखवून दिलें, आणि मोठ्या तुकड्यांचा आग्रह धरला. बंगालमध्यें तागाच्या पाहण्या करणारे प्रो. महालनोबीस यांचा कल लहान व संख्येनें पुष्कळ अशा तुकड्यांकडे होता, आणि या दोन विद्वानांचा वाद बराच गाजला. महालनोबीसांच्या बाजूसहि मोठें तथ्य होतें. एकाच क्षेत्राची पाहणी दोन निरनिराळ्या तुकड्यांनीं परस्परांस न कळवितां करावी, आणि त्यांचे आंकडे ताडून पाहावे, ही युक्ति त्यांची.

आम्हांला या वादांत नीतीचा एक मोठा धडा दिसतो. काठावरचें रोप आंत ओढणारा मनुष्य लबाड नसतो. त्याला त्यांत कांहीं मिळावयाचें नसतें. तरीहि त्याच्या हातून असत्य घडतें. आणि हजारों शेतांतून तें एकाच दिशेनें घडत गेलें तर देशांत किती धान्य आहे याचा अंदाजच चुकतो, आणि धान्य बाहेरून आणावयाचें कीं नाहीं याचा निर्णयहि त्याबरोबर चुकतो. अशा असत्यावर उपाय म्हणून मोजणाराला सत्याचें प्रवचन ऐकवून भागत नाहीं. तुकडा मोठा करावा लागतो, दुसरी तुकडी पाठवावी लागते. सत्य बोलण्याची इच्छा आणि सत्य बोलतां येईल अशी व्यवस्था, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मोजणाराच्या धर्मांत दोहोंचा समावेश होतो. आपल्याकडे पहिलीचा उपदेश पुष्कळ झाला. दुसरीकडे मात्र त्या मानानें दुर्लक्ष झालें.

आतां योजनांकडे वळूं. शेतीच्या कोणत्याहि योजनेविषयीं चार प्रश्न क्रमानें विचारतां येतात. पैसा खर्च झाला काय? त्या पैशानें काम उभें राहिलें काय? त्या कामाचा उपयोग शेतकऱ्यानें केला काय? आणि त्या उपयोगानें त्याचें उत्पन्न वाढलें काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर कचेरींत बसून देतां येतें. दुसऱ्यासाठीं एकदां जागेवर जावें लागतें. तिसऱ्यासाठीं हंगामभर जावें लागतें. चौथ्यासाठीं वर्षानुवर्षें जावें लागतें, आणि शिवाय योजना नसती तर काय झालें असतें हेंहि शोधावें लागतें. प्रश्न जसजसा महत्त्वाचा, तसतसें उत्तर कष्टाचें. मग माणसाचा स्वभाव असा कीं, सोप्या प्रश्नाचें उत्तर देऊन तो कठीण प्रश्न सुटला असें समजतो. कागदी घोडे नाचविणें असें आपण ज्याला म्हणतों, त्याचा उगम नेहमींच अप्रामाणिकपणांत नसतो. पुष्कळदां तो या आळसांत असतो.

महाराष्ट्रांतील सिंचनाचें उदाहरण घ्या. धरण व कालवे पुरे झाले म्हणजे इतके हेक्टर जमीन भिजूं शकेल असा जो आंकडा काढतात, त्याला निर्मित सिंचनक्षमता म्हणतात. प्रत्यक्ष भिजलेली जमीन ही निराळी गोष्ट. चारी फुटलेली असेल, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोंचत नसेल, धरण भरलेंच नसेल, किंवा वरच्या अंगाला सर्व पाणी ऊंस पिऊन टाकीत असेल. क्षमतेच्या आंकड्यावर यांपैकीं कशाचाहि परिणाम होत नाहीं. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीवरून, एकूण पिकांखालील क्षेत्रांत सिंचित क्षेत्राचें प्रमाण दहा वर्षांत १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर गेल्याचें दिसलें, आणि एवढा खर्च होऊन वाढ केवळ एकदशांश टक्का कशी, असा मोठा गहजब झाला. २०१२ च्या नोव्हेंबरांत सरकारनें श्वेतपत्रिका काढली. तींत ही वाढ पांच टक्क्यांहून अधिक असल्याचें म्हटलें होतें. कोणता पक्ष खरा, हा येथें आमचा विषय नाहीं. आम्ही एवढेंच विचारतों: ज्या कामावर हजारों कोटी रुपये खर्च झाले, त्याचें फल एकदशांश कीं पांच, हें निर्विवादपणें सांगतां येईल अशी मोजणी कामाबरोबरच कां चालली नव्हती? वाद सुरू झाल्यावर शोधलेला आंकडा कितीहि खरा असला तरी तो वकिलाच्या तोंडचा होतो. साक्षीदाराच्या तोंडचा राहत नाहीं.

दुसरें उदाहरण जलयुक्त शिवार अभियानाचें. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या या अभियानाचा उद्देश दर वर्षीं ५,००० गांवें टंचाईमुक्त करण्याचा होता, आणि तो उद्देश स्तुत्यच होता. २०२० सालीं भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. सहा जिल्ह्यांतील १२० गांवांची तपासणी करून, ९,६०० कोटींहून अधिक खर्च होऊनहि गांवें पाण्याच्या बाबतींत स्वयंपूर्ण करण्यावर व भूजलाची पातळी वाढविण्यावर त्याचा परिणाम अल्प झाला, असा निष्कर्ष त्यांत काढला होता. येथें मूल्यमापनांतील एक मोठी अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. २०१४ व २०१५ हीं वर्षें महाराष्ट्राला अवर्षणाचीं गेलीं, आणि २०१६ सालीं पाऊस चांगला झाला. समजा, एखाद्या गांवच्या विहिरींचें पाणी २०१५ मध्यें मोजलें आणि नाल्याचें खोलीकरण झाल्यावर पुन्हां २०१६ मध्यें मोजलें. पाणी वाढलेलें दिसणारच. तें खोलीकरणामुळें वाढलें कीं पावसामुळें? शेजारच्या, जेथें काम झालें नाहीं अशा गांवच्या विहिरी त्याच दिवशीं मोजल्याखेरीज हें कळावयाचें नाहीं. पावसाचें श्रेय योजनेनें घेणें आणि अवर्षणाचा दोष योजनेवर लादणें, हीं दोन्ही सारखींच असत्यें आहेत. पहिलें सत्ताधाऱ्यांना प्रिय असतें, दुसरें त्यांच्या विरोधकांना.

तिसरें उदाहरण शेतकी शिक्षणाचें. १९७० नंतरच्या दशकांत डॅनियल बेनॉर या इस्रायली तज्ज्ञाच्या कल्पनेप्रमाणें, जागतिक बँकेच्या पाठबळानें, भारतांत व अन्य देशांत 'प्रशिक्षण व भेट' पद्धति सुरू झाली. शेतकी कार्यकर्त्यानें ठरलेल्या दिवशीं, पंधरवड्यांतून एकदां, ठराविक शेतकऱ्यांना भेटावें व त्या पंधरवड्याला योग्य असा सल्ला द्यावा, अशी ती शिस्त. जेथें कार्यकर्ता महिनोन् महिने दिसतच नसे, तेथें ही शिस्त उपकारकच होती. पण भेटी मोजतां येतात आणि सल्ल्याचा उपयोग सहज मोजतां येत नाहीं. म्हणून देखरेख भेटींची होऊं लागली. सांगण्यासारखें कांहीं असो वा नसो, भेट झाली म्हणजे कर्तव्य झालें! जें मोजलें जातें तें घडूं लागतें, हें खरें. पण ज्याच्याकरितां तें मोजावयाचें होतें, तें घडतेंच असें नाहीं.

या तिन्ही उदाहरणांत एक माणूस समान आहे, आणि त्याच्याकडे कोणाचेंच लक्ष नसतें. तो म्हणजे शेतावर जाऊन आलेला कनिष्ठ नोकर. शेवटच्या चारीला पाणी आलें नाहीं, हें त्याला ठाऊक असतें. बांध पहिल्याच पावसांत वाहून गेला, हें त्यानें पाहिलेलें असतें. तें त्यानें जसेंच्या तसें लिहिलें तर काय होतें? वरिष्ठ विचारतात, "मग तुम्ही काय करीत होतां?" पुढील वर्षाची रक्कम कमी होते, आणि चांगला आंकडा पाठविणाऱ्या शेजारच्या तालुक्याचें कौतुक होतें. दोनतीन वर्षांत तोहि शहाणा होतो. याला आम्ही त्या नोकराचें अधःपतन म्हणणार नाहीं. ज्यांनीं वाईट बातमी आणणाराला शिक्षा आणि गोड बातमी आणणाराला बक्षीस असा बाजार मांडला, त्यांचें तें अधःपतन आहे. वैद्याला ताप कमी सांगून रोगी बरा होत नाहीं. आणि ताप मोजणाऱ्या परिचारिकेला तापाबद्दल दंड करणारें इस्पितळ फार दिवस रोगी बरे करूं शकत नाहीं. शेतीच्या योजनेची उत्पादकता वाढवावयाची असेल तर पहिली सुधारणा शेतांत नव्हे, कचेरींत झाली पाहिजे. खरा परंतु वाईट आंकडा आणणाराला तेथें अभय असलें पाहिजे.

येथें दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा कीं, शेतकरी संकटांत असतां मोजमापावर पैसा व वेळ घालविणें ही चैन आहे. तोच पैसा बियाण्याला द्यावा. सकृद्दर्शनीं हें दयेचें बोलणें वाटतें. पण ज्या बियाण्यानें पीक वाढतें कीं घटतें हें ठाऊक नाहीं, तें वांटणें ही दया नव्हे. श्रीमंत मनुष्य प्रयोग फसला तर सोसतो. दोन एकर कोरडवाहू जमिनीच्या धन्याचें एक वर्ष बुडालें तर कर्ज वाढतें, आणि मुलीची शाळा सुटते. दुसऱ्याच्या एका हंगामाची जोखीम घेणाराला, तिचें काय झालें हें पाहण्याचा कंटाळा करण्याचा अधिकार नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. शेती म्हणजे केवळ क्विंटल व हेक्टर नव्हे. शेतकऱ्याचें समाधान, गांवचा सलोखा, जमिनीचा कस राखण्याची त्याची तळमळ, हें कोणत्या मापानें मोजणार? हें आम्हांला मान्य आहे. किंबहुना 'उत्पादकता' हा शब्दच किती फसवा आहे, तें पाहा. उत्पन्न कशाच्या मानानें मोजावयाचें? एकराच्या मानानें ऊंस श्रेष्ठ ठरतो. पाण्याच्या मानानें मोजलें तर गोष्ट निराळी होते. महाराष्ट्रांत लागवडीच्या सुमारें चार टक्के क्षेत्रावरील ऊंस सिंचनाच्या पाण्यापैकीं दोनतृतीयांश किंवा अधिक भाग घेतो, असा अंदाज केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानें केलेला आहे. खर्च वजा जातां हातीं काय राहिलें या मानानें मोजलें तर तिसरेंच उत्तर येतें. आणि घरच्या बाईनें खुरपणीला घातलेले दिवस खर्चांत धरावयाचे कीं नाहीं, यावर चौथें उत्तर अवलंबून असतें. तेव्हां मोजण्यापूर्वींच, काय मोजावयाचें हें ठरवितांना, आपण एक नैतिक निवड केलेली असते. पण यावरून मोजूंच नये असें निष्पन्न होत नाहीं. ही निवड उघडपणें करावी आणि जिच्या श्रमाचा हिशेब आहे तिला विचारून करावी, एवढेंच निष्पन्न होतें. जें मोजतां येत नाहीं त्याचा आदर करण्याचा मार्ग, जें मोजतां येतें तें प्रामाणिकपणें मोजून उरलेल्यापुढें नम्र होणें, हा आहे.

असें मोजमाप आपल्याकडे झालेंच नाहीं असें मात्र नव्हे. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रमुख डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी १९१७ सालीं प्रसिद्ध केली. तेथील १०३ कुटुंबांपैकीं केवळ ८ कुटुंबांचा निर्वाह आपल्या जमिनीवर नीट होत होता. आणखी २८ बाहेरच्या मजुरीच्या जोरावर तोंडमिळवणी करीत होतीं. उरलेल्या ६७ कुटुंबांचा मेळ कशानेंच बसत नव्हता. औषध देण्यापूर्वीं रोग्याची स्थिति काय होती याची नोंद म्हणतात ती ही. पुढें गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंत प्रो. धनंजयराव गाडगीळ यांनीं केली, आणि तिचा अहवाल १९४८ सालीं निघाला. कालव्यानें सरकारला किती पाणीपट्टी मिळाली एवढ्यावर न थांबतां, कालव्याखालची शेती आणि कोरडवाहू शेती शेजारीं शेजारीं ठेवून त्या सबंध मुलखाला काय मिळालें, हें त्यांनीं विचारलें. स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हां तिच्याबरोबरच नियोजन मंडळाची कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन झाली. काम करणारांपासून मोजणारांना वेगळें ठेवण्याची ही दूरदृष्टि विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे.

तथापि या सर्व पाहण्यांत एक न्यून राहिलेंच. आंकडा शेतांतून निघाला आणि ग्रंथालयांत गेला. ज्याच्या शेतांतून निघाला त्याच्याकडे तो क्वचितच परतला. शेतकऱ्यानें कामाची खोटी करून आपलें कर्ज, आपलें पीक, आपल्या घरचीं जनावरें परक्या माणसाला सांगावयाचीं, आणि पुढें त्याचें काय झालें हें त्याला कधींच कळूं नये, हा अन्याय आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो अन्याय आहे असेंहि आपणांस वाटत नाहीं. जेथें हा अन्याय दूर झाला तेथें काय घडतें, याचें उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार. तेथें पावसाची व विहिरींच्या पातळीची नोंद गांव स्वतः ठेवतें, आणि वर्षाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेंत मांडला जातो. पिण्याचें पाणी प्रथम बाजूला काढावयाचें, आणि उरलेल्या पाण्यांत कोणतीं पिकें बसतील हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. पाऊस कमी असेल त्या वर्षीं अधिक पाणी लागणाऱ्या पिकांना फांटा मिळतो. नाशिक जिल्ह्यांतील वाघाड प्रकल्पावर १९९० नंतर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या, आणि त्यांना पाणी घनमापानें मिळूं लागलें. एकराप्रमाणें पट्टी द्यावयाची तेव्हां पाणी वाचविण्यांत कोणाचेंच हित नसतें. मापानें पाणी मिळूं लागलें कीं, वाचलेलें पाणी आपलें होतें. या दोन्ही ठिकाणीं मापें कांहीं विलक्षण सूक्ष्म नव्हतीं. विलक्षण गोष्ट एवढीच कीं, मोजणारा आणि फल भोगणारा हे एक झाले. आमच्या आरंभींच्या चौघांतील अंतर कमी झालें. खोटें माप लिहून येथें कोणाला फसवावयाचें? स्वतःलाच!

सर्वच योजना गांवकऱ्यांना स्वतः मोजतां येणार नाहींत. मोठें धरण, नवें बियाणें, राज्यव्यापी पीकविमा यांना बाहेरचा मोजणारा लागणारच. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेंत पीक-कापणीच्या प्रयोगावर नुकसानभरपाई अवलंबून राहिली, आणि खेड्यांतील ती जुनी ओढाताण नव्या रूपानें पुन्हां शेताच्या बांधावर आली; आतां एका बाजूस सरकारी तिजोरीऐवजीं विमाकंपनी उभी असते, इतकेंच. दोरीखालचें रोप आंत ओढा, असें एक म्हणतो. बाहेर ढकला, असें दुसरा म्हणतो. तेथें उभ्या असलेल्या तरुण नोकरानें काय करावें?

त्यानें करावयाच्या गोष्टी आम्हांला तीन दिसतात. रोप जेथें आहे तेथेंच आहे असें त्यानें लिहावें, आणि शंका असेल तर शंका आहे असेंहि लिहावें. आपला आंकडा दुसऱ्या कोणालाहि पुन्हां तपासतां येईल अशा रीतीनें कोणतें शेत, कोणता दिवस, किती वजन हें सर्व त्यानें उघडें ठेवावें. आणि कागद पिशवींत घालण्यापूर्वीं, शेतकऱ्याच्या भाषेंत, त्याच्या शेतांत काय निघालें तें त्याला सांगावें. पहिली गोष्ट सत्यासाठीं, दुसरी स्वतःच्या मोहावर पहारा म्हणून, आणि तिसरी न्यायासाठीं. यांतील एकीलाहि मोठी विद्वत्ता लागत नाहीं. परंतु तिन्ही करणाराला वरून अभय लागतें. आणि तें अभय देणें हें त्याच्या वरिष्ठांचें, कायदे करणारांचें, वर्तमानपत्रांचें आणि अहवाल वाचणाऱ्या आपणां सर्वांचें काम आहे. एखाद्या योजनेचें अपयश प्रामाणिकपणें छापून आलेलें पाहिलें कीं, आपण प्रथम दोषी कोण हें शोधतों. तें अपयश वेळेवर सांगण्याचें धैर्य कोणीं दाखविलें, हेंहि आपण शोधूं लागलों, तर शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या त्या मुलाला रोप जेथें आहे तेथें ठेवणें पुष्कळ सोपें जाईल.